पट्ट्याचं नवं भोक : प्रस्तावना

तुमसरच्या बाजूचा एक मुनीम माझ्याकडे आला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. राईस मिलमध्ये हिशेब लिहायचा. शर्ट नीट खोचलेला, कमरेला जुना चामड्याचा पट्टा. पट्ट्याला मूळची पाच भोकं होती आणि त्यांच्या आतल्या बाजूला आणखी दोन, खिळा ठोकून पाडलेली, कडा फाटलेल्या. "साहेब, शुगर निघाली," तो म्हणाला, "पण एक बरं झालं, पोट उतरून राहिलं." मलाही ते बरंच वाटलं. गोळ्या लिहून दिल्या, भात कमी करायला सांगितला, महिन्याभराने या म्हणालो.

तो आला सहा महिन्यांनी, पिवळ्या डोळ्यांनी. मधले तीन आठवडे गावात कावीळ उतरवून घेण्यात गेले होते. हातावर चुना चोळून पाण्यात धुतात, पाणी पिवळं होतं आणि कावीळ निघाली असं घरच्यांना वाटतं. त्याची लघवी गडद झाली होती, शौचाचा रंग पांढुरका झाला होता, अंगाला रात्रभर खाज सुटत होती. दुखत मात्र काहीच नव्हतं. नागपूरला सीटी स्कॅन झालं. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती आणि ती यकृतात पोचली होती. त्यानंतर तो चार महिने जगला.

पट्ट्याची ती दोन भोकं मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. त्यांचा अर्थ मला लागला नाही. भंडाऱ्यासारख्या ठिकाणी इतकी वर्षं दवाखाना चालवताना ज्या चुका मनातून जात नाहीत त्यांतली ही एक. म्हणून स्वादुपिंडाचा कर्करोग लवकर ओळखण्याच्या साध्या, शरीराला इजा न करणाऱ्या पद्धतींवर मराठीत पुस्तक होतं आहे आणि त्याला प्रस्तावना हवी आहे असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

स्वादुपिंड म्हणजे पॅन्क्रियाज. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे आडवा पडलेला, वीतभर लांबीचा अवयव. त्याचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात रुतलेलं असतं आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत जाते. तो अन्न पचवणारे रस करतो आणि इन्सुलिनही करतो. हाताने चाचपून तो लागत नाही. साध्या सोनोग्राफीत आतड्यातला वायू त्याच्या आड येतो. आपल्याकडच्या कितीतरी रिपोर्टांत एक ओळ ठरलेली असते : वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही. रुग्ण ती ओळ वाचत नाही, डॉक्टर वाचून पुढे जातात आणि घरी "सोनोग्राफी नॉर्मल आहे" असा निरोप पोचतो. या पुस्तकातून वाचकाने एकच गोष्ट घ्यायची झाली तर मी म्हणेन, त्या ओळीचा अर्थ घ्या. 'दिसलं नाही' म्हणजे 'ठीक आहे' असं नव्हे.

अवयव असा आड दडलेला असल्यामुळे त्याचा कर्करोग उशिरा सापडतो. निदान होतं तेव्हा शंभरातल्या जेमतेम पंधरा-वीस जणांवर शस्त्रक्रिया करण्यासारखी स्थिती उरलेली असते. अमेरिकेसारख्या सगळ्या सोयी असलेल्या देशातही निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण शेकड्यात तेराच्या आसपास आहे. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात सुमारे ४ लाख ९६ हजार नवे रुग्ण आढळले आणि मृत्यू झाले सुमारे ४ लाख ६६ हजार. हे दोन आकडे इतके जवळजवळ असावेत, यातच या रोगाची सगळी ओळख आहे.

मराठी आणि कोकणी घरांत या रोगाचं नाव पोचलं ते मनोहर पर्रीकरांमुळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री पोटाच्या तक्रारीसाठी मुंबईत रुग्णालयात दाखल झाले. पुढे अमेरिकेत आणि दिल्लीत उपचार झाले. आजार स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा आहे हे सरकारने जाहीरपणे सांगितलं ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिलं. १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते गेले. पहिल्या दाखल होण्यापासून मोजले तर तेरा महिने. देशातली उत्तम वैद्यकीय मदत हाताशी असलेल्या माणसाला मिळालेला हा अवधी आहे. पवनी किंवा लाखांदूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला किती येत असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

पण रोग उशिरा सापडतो याचा अर्थ तो झपाट्याने येतो असा नाही. या क्षेत्रातली सगळी आशा या फरकावर उभी आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सात रुग्णांच्या गाठींमधले जनुकीय बदल मोजून उलटा हिशेब मांडला. पहिला बदल झाल्यापासून खरी कर्करोगाची पेशी तयार व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ लागतो, ती पसरण्याच्या क्षमतेची व्हायला आणखी किमान पाच वर्षं, आणि त्यानंतर रुग्ण सरासरी दोन-अडीच वर्षं जगतो, असा त्यांचा निष्कर्ष. रुग्ण सातच होते, तेव्हा वर्षांच्या आकड्यांवर फार जोर देऊ नये. पण दार बराच काळ उघडं असतं आणि आपण त्याच्याशी पोचतो ते बंद होताना, ही गोष्ट त्यातून प्रथमच इतकी स्पष्ट झाली.

जुन्या वैद्यांच्या हाती होती ती फक्त उशिराची लक्षणं. पॅरिसच्या आर्मां त्रुसो यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिलं की शिरांमध्ये जागा बदलत रक्ताच्या गाठी होऊ लागल्या तर पोटात दडलेला कर्करोग शोधावा. १८६७ मध्ये स्वतःच्या शिरेत तीच खूण दिसली तेव्हा आपलं काय होणार हे त्यांनी ओळखलं, आणि तसंच झालं. बाझेलच्या कूर्व्हाझिए यांनी १८९० मध्ये न दुखणारी कावीळ आणि हाताला लागणारं पित्ताशय यांचा संबंध मांडला. तो नियम आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतो. शस्त्रक्रियेचा मार्ग १९०९ मध्ये बर्लिनच्या काउश यांनी चोखाळला आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी तो रूढ केला. व्हिपल शस्त्रक्रिया हे नाव आज आपल्याकडच्या रुग्णांच्या घरांतही ऐकू येतं. एके काळी या शस्त्रक्रियेत चारातला एक रुग्ण दगावत असे. नित्य ही शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांत आता ते प्रमाण शेकड्यात पाचाच्या खाली आलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. शैलेश श्रीखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा हजारावर शस्त्रक्रिया केल्या आहेत. म्हणजे लवकर सापडलेल्या रुग्णासाठी करण्यासारखं काही नाही, ही सबब आता उरलेली नाही. अडचण सापडण्याची आहे.

इथे 'स्क्रीनिंग', मराठीत चाळणी चाचणी, हा शब्द नीट समजून घ्यावा लागतो. लक्षणं असलेल्या माणसाची तपासणी म्हणजे निदान. ज्याला काहीच होत नाही त्याची तपासणी म्हणजे चाळणी. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी चाळणीच्या कसोट्या लिहिल्या : रोग महत्त्वाचा हवा, लवकरचा टप्पा ओळखता यायला हवा, त्यावर उपचार हवा, चाचणी लोकांना मान्य होणारी हवी, आणि हे सगळं परवडणारं हवं. गर्भाशयमुखाचा कर्करोग या कसोट्यांना उतरतो. ते जगाला दाखवून देण्यात महाराष्ट्राच्या खेड्यांचा मोठा वाटा आहे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाच्या डॉ. नेने यांच्यासारख्या माणसांनी ती उभी केली. कुठलीही महागडी चाचणी न आणता, केवळ गावोगाव जाऊन बायकांशी बोलल्याने तिथे गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये त्याचा निकाल आला. एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. स्वादुपिंडाबद्दल बोलताना मला आधी बार्शी आठवते ती यासाठी. आपल्याकडच्या खेड्यांतून असं काम होऊ शकत नाही असं कोणी म्हणू नये.

तरीही स्वादुपिंडाला ती पायवाट जशीच्या तशी लागू पडत नाही. गर्भाशयमुख डोळ्याने दिसतं, स्वादुपिंड दिसत नाही. आणि हा कर्करोग आपल्याकडे विरळा आहे, वर्षाला लाखामागे एक-दोन रुग्ण. भंडारा जिल्ह्याचा हिशेब मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ होती. वर्षाला वीस-पंचवीस रुग्ण धरू. समजा, एक फार चांगली चाचणी हाती आली, निरोगी माणसाला शंभरात एकदाच चुकून 'संशयित' म्हणणारी. ती सगळ्या जिल्ह्याला केली तर वीस-पंचवीस खऱ्या रुग्णांबरोबर बारा हजार निरोगी माणसं संशयित ठरतील. त्यांना नागपूरला पाठवायचं, सीटी, एमआरआय, दुर्बिणीतून सोनोग्राफी, प्रसंगी सुईने तुकडा काढायचा. काहींवर विनाकारण शस्त्रक्रियाही होईल. आणि बारा हजार घरांत महिनोन् महिने झोप उडालेली असेल. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २००४ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की लक्षणं नसलेल्या सर्वसामान्य माणसांची या रोगासाठी चाळणी करू नये. मला हा निर्णय पटतो. आपल्याकडे 'फुल बॉडी चेकअप'च्या नावाखाली निरोगी लोकांच्या रक्तात सीए १९-९ ही कर्करोगाची खूण तपासतात. ते थांबायला हवं.

सीए १९-९ ची कहाणी या क्षेत्राचं अर्धं शिक्षण आहे. १९७९ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत हिलरी कोप्रोव्स्की आणि सहकाऱ्यांना कर्करोगाच्या पेशींवरची ही शर्करेची खूण सापडली. आजही रुग्णाची प्रगती पाहण्यासाठी तिच्याइतकी वापरात असलेली दुसरी खूण नाही. पण साध्या काविळीत, पित्ताच्या खड्यांतही ती वाढते. आणि शंभरातल्या पाच-दहा माणसांचं शरीर, त्यांच्या रक्तगटाच्या एका विशिष्ट घडणीमुळे, ही खूण तयारच करत नाही. त्यांना कर्करोग झाला तरी रिपोर्ट स्वच्छ येतो.

म्हणून पुढची चाळीस वर्षं संशोधक निरनिराळ्या वाटांनी निघाले. एक घराणं चित्रांवर विश्वास ठेवणारं. ज्यांच्या कुटुंबात हा रोग एकाहून अधिक जणांना झाला आहे, ज्यांच्यात बीआरसीए २ सारखे जनुकीय दोष आहेत, अशा मोजक्या लोकांचं दरवर्षी एमआरआय किंवा दुर्बिणीतून सोनोग्राफी करायची. जॉन्स हॉपकिन्सच्या मार्सिया कॅन्टो आणि मायकेल गॉगिन्स यांच्या कामामुळे हे घराणं सर्वांत भक्कम पायावर आहे. त्यांच्या एका पाहणीत नियमित तपासणीत सापडलेल्या नऊ कर्करोगांपैकी सात पहिल्या टप्प्यातले होते. दुसरं घराणं रक्ताचं. गाठीतून सुटून रक्तात फिरणारे डीएनएचे तुकडे, त्यांवरच्या रासायनिक खुणा, अनेक प्रथिनांची एकत्र मोजणी हे त्याचे विषय. २०१८ च्या 'कॅन्सरसीक' या कामाने त्याला वेग दिला. या चाचण्यांची मुख्य अडचण अशी की गाठ अगदी लहान असताना ती रक्तात फारसं काही सोडतच नाही. तिसरं घराणं लघवी आणि श्वासाचं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तात्याना त्सर्नोगोरॅक-युर्चेविच यांनी २०१५ पासून लघवीतल्या तीन प्रथिनांचा माग घेतला. इंपीरियल कॉलेजचे जॉर्ज हॅना फुंकरीतल्या वायूंमध्ये रोगाची छटा शोधतात. आपल्या उपकेंद्राच्या दृष्टीने पाहिलं तर लघवीची बाटली ही सर्वांत सोपी गोष्ट आहे, म्हणून मला या घराण्याबद्दल विशेष ओढ वाटते, अजून ते प्रयोगाच्या पायरीवर असलं तरी.

चौथं घराणं संगणकाचं. २०२३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी 'पांडा' नावाची प्रणाली मांडली. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या, शिरेतून औषध न देता घेतलेल्या साध्या सीटी चित्रांत ती स्वादुपिंडाची गाठ हुडकते. वीस हजारांवर रुग्णांच्या चित्रांवर तिने फार थोडे खोटे इशारे दिले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या साठ लाख लोकांच्या आरोग्य-नोंदींवर शिकवलेली आणखी एक प्रणाली पुढे आली. रुग्णाला आधी कोणकोणते आजार झाले या क्रमावरून ती धोका सांगते. पण डेन्मार्कात शिकलेली ती प्रणाली अमेरिकेच्या नोंदींवर चालवली तेव्हा तिची अचूकता घसरली, तिला तिथल्या नोंदींवर नव्याने शिकवावं लागलं. याचा सरळ अर्थ असा की भंडाऱ्याच्या माणसाचा धोका सांगायला भंडाऱ्याच्या नोंदी लागतील. आपल्या केसपेपरची अवस्था मला माहीत आहे. पावसाळा गेला की पिशवीतले निम्मे कागद वाचता येत नाहीत.

या वाटांवर अपेक्षाभंगही झाले. २०१२ मध्ये मेरीलँडच्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने कागदाच्या पट्टीवर हा कर्करोग ओळखण्याची कल्पना मांडली आणि ती जगभर गाजली. जवळच्या माणसाच्या मृत्यूने हलून गेलेल्या त्या मुलाची तळमळ खरी होती, पण ती पट्टी दवाखान्यापर्यंत आली नाही. २०१५ मध्ये रक्तातल्या सूक्ष्म पुटिकांवरचं ग्लिपिकॅन-१ हे प्रथिन जवळपास अचूक निदान करतं असा दावा एका नामांकित नियतकालिकात आला. इतर प्रयोगशाळांना तो तसा पडताळता आला नाही. अशा प्रसंगांमुळे या पुस्तकाच्या लेखकांनी एक शिस्त पाळली आहे, ती मला मोलाची वाटते. रुग्ण आणि निरोगी अशा दोन निवडक गटांत वेगळी दिसलेली खूण आणि न निवडलेल्या हजारो लोकांत वेळेआधी रोग दाखवणारी खूण यांत ते सतत फरक करतात.

आणखी एक फरक सामान्य वाचकाला अवघड जातो. लवकर सापडणं आणि जास्त जगणं या एकच गोष्टी नाहीत. माझ्या जिल्ह्यातल्या माणसांना मी तो विदर्भ एक्सप्रेसवरून समजावतो. गोंदियाला चढलेला प्रवासी भंडारा रोडला चढलेल्यापेक्षा जास्त वेळ गाडीत असतो, पण मुंबईला दोघं एकाच वेळी उतरतात. रोग आधी सापडला म्हणून 'निदानानंतरची वर्षं' वाढलेली दिसतात, मरणाचा दिवस तोच राहिलेला असू शकतो. हा धोका खरा आहे. ब्रिटनमध्ये दोन लाख स्त्रियांवर बीजांडकोशाच्या कर्करोगाची चाळणी वर्षानुवर्षं चालली, २०२१ मध्ये निकाल आला : काही गाठी आधी सापडल्या, मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा स्वादुपिंडाच्या कुठल्याही नव्या चाचणीला हाच प्रश्न विचारायचा, गाडीचं शेवटचं स्टेशन पुढे गेलं का?

मग भंडाऱ्यात आज काय करायचं? माझ्या मते उत्तर त्या मुनिमाच्या पट्ट्यात आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या बऱ्याच रुग्णांत गाठ दिसण्याच्या काही महिने ते दोन-तीन वर्षं आधी रक्तातली साखर वाढते. ती साखर गाठीमुळेच वाढलेली असते. हे ठामपणे मांडणारे संशोधक म्हणजे मूळचे भारतीय असलेले डॉ. सुरेश चारी. त्यांनी आधी दक्षिण भारतात स्वादुपिंडात खडे होणाऱ्या आजाराचा अभ्यास केला आणि पुढे मेयो क्लिनिकमध्ये काम केलं. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड या एका काउंटीच्या जपून ठेवलेल्या नोंदी तपासून २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह सापडलेल्या दर हजार जणांपैकी आठ-नऊ जणांना तीन वर्षांत हा कर्करोग होतो. लाखात एक-दोन कुठे आणि हजारात आठ-नऊ कुठे! २०१८ मध्ये त्यांच्या गटाने आणखी एक चाळणी लावली : वय, साखर किती वेगाने चढली, आणि वजन वाढलं की घटलं. ज्यांचे गुण जास्त आले त्यांच्यात धोका आणखी चौपट निघाला. नेहमीच्या मधुमेहात माणूस बहुधा वजन वाढवत येतो. साखर चढते आहे आणि वजन मात्र खाणं कमी न करता उतरतं आहे, ही उलटी चाल आहे. आपल्याकडे मधुमेह कितीतरी जास्त आणि तोही तरुण वयात, त्यामुळे हजारातले आठ-नऊ इथे कमी होतील, हे मान्य. तरी चाळायचं कोणाला, याचं इतकं स्वस्त उत्तर दुसरं नाही.

आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा जिल्ह्यात उभी आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म आशाताई घरोघरी जाऊन भरतात. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कोणाला मधुमेह आहे का, हे त्यात विचारलेलं असतं. क्षयरोगाच्या संशयासाठी वजन घटलं का, हेही त्याच फॉर्मवर असतं. साखर उपकेंद्रात बोटाच्या थेंबावर मोजली जाते. म्हणजे वय, तंबाखू, साखर, वजन ही चारही माहिती एकाच हातातून जाते, फक्त ती एकमेकींशेजारी ठेवून कोणी पाहत नाही. वजन घटलं की थुंकी तपासायला पाठवतात, ते योग्यच आहे. थुंकी निर्दोष आली की विषय मिटतो, तिथे मात्र चुकतं.

तंबाखूबद्दल इथे थोडं थांबतो. या रोगाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत ती पहिली. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत धोका साधारण दुप्पट असतो, आणि धूर नसलेली तंबाखूही स्वादुपिंडाला सोडत नाही असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे. तेंदूपानं तोडणाऱ्या आणि बिड्या वळणाऱ्या हातांचा हा प्रदेश. पानठेल्यावर प्लास्टिकच्या कागदात घोटलेला खर्रा शाळेतल्या पोरांच्याही खिशात सापडतो. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पोटाच्या मागच्या या अवयवाशी त्याचं नातं अजून कोणी सांगत नाही.

माझ्या मते आपल्याला सर्वांत जवळचा धडा जपानमध्ये आहे. हिरोशिमा प्रांतात ओनोमिची नावाचं एक लहान शहर आहे. तिथे २००७ पासून डॉ. केइजी हानादा यांनी गावातल्या साध्या डॉक्टरांना बरोबर घेतलं. धोक्याच्या खुणा असलेला रुग्ण आला, नवा मधुमेह, कुटुंबात हा रोग, स्वादुपिंडात गाठोळी किंवा फुगलेली नळी, की त्याने सोनोग्राफी करायची आणि जराही शंका आली तर मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. नवं यंत्र कुठलंच नव्हतं. ठरलेली वाट होती आणि वर पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचा निरोप परत गावच्या डॉक्टरकडे येत होता. तिथे पहिल्या टप्प्यातले, अगदी शून्य टप्प्यातलेही कर्करोग सापडू लागले आणि पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण शेकडा वीसच्या घरात गेलं. साकोली किंवा तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय, भंडाऱ्याचं सामान्य रुग्णालय आणि साठ किलोमीटरवरचं नागपूर यांच्यात अशी वाट आखता येणार नाही का? अंतर अडचण नाही. निरोप परत येत नाही, ही अडचण आहे. आजही रुग्ण नागपूरहून टाटाला जातो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिने काढतो, आणि त्याचं काय झालं हे गावच्या डॉक्टरला कळतं ते तेराव्याला.

हे पुस्तक या सगळ्या प्रदेशाचा नकाशा मराठीत प्रथमच एका जागी मांडतं. ते कुठल्याही चाचणीची जाहिरात करत नाही. वाचकाला जनुकं, प्रथिनं, प्रतिमा यांची ओळख करून देताना दर वेळी विचारतं की ही गोष्ट प्रयोगशाळेत आहे, मोठ्या रुग्णालयात आहे की आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणता येईल. काही भाग कठीण आहे, विशेषतः रक्तातल्या डीएनएवरचा. तो दोनदा वाचावा लागेल, पण सोपा करण्याच्या नादात तो खोटा केलेला नाही याचं मला समाधान आहे. परिभाषेबद्दल संपादकांशी माझे मतभेद झाले. 'पॅन्क्रियाज' हा शब्द आता रुग्णाच्या तोंडी बसला आहे, तो काढू नये असा माझा आग्रह होता. त्यांनी दोन्ही शब्द ठेवले. मला वाटतं, तेच बरोबर. रुग्णांच्या कुटुंबांसाठी लिहिलेली पानं मात्र कुणालाही एका बैठकीत वाचता येतील. त्यांत काविळीवर एक स्वतंत्र टिपण आहे. ते कापून दवाखान्याच्या भिंतीवर लावावं असं मी डॉक्टर मित्रांना सुचवतो. चाळिशीनंतर न दुखता आलेली कावीळ उतरवायला कोणाकडेही नेऊ नये, त्याच आठवड्यात सोनोग्राफी करावी आणि सोनोग्राफीत स्वादुपिंड दिसलं नाही तर सीटी करावं, एवढंच त्यात आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि गावोगावच्या आशाताईंना माझी एक विनंती आहे. पन्नाशीनंतर कोणाची पहिल्यांदा साखर निघाली की त्याला वजनकाट्यावर उभं करा आणि आकडा त्याच्याच कार्डावर, शाईने, तारखेसह लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा उभं करा. खाणं तेच असून वजन उतरलं असेल, तर त्याला बरं झालं म्हणू नका. त्याला पुढे पाठवा.